सपाट तळपाय दुखतात तेव्हा

सपाट पाऊल दुखतंच असं नाही, आणि दुखणारं प्रत्येक पाऊल सपाट आहे म्हणूनच दुखतं असंही नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस नको तिथे पैसे घालवतो. दुकानातून महागडे इनसोल येतात, ‘पंधरा दिवसांत कमान तयार करा’ छापाचे व्हिडिओ बघून व्यायाम सुरू होतात, चालायला शिकलेल्या पोराच्या पायात जड बूट चढतात. आणि जिचा घोटा आतल्या बाजूने खरोखर सुजलाय, ती बाई ‘वय झालं, वजन वाढलं, चालायचंच’ म्हणत ओट्यापाशी उभीच असते. तेव्हा पाऊल किती सपाट आहे हे मोजत बसण्याआधी ते नेमकं कुठे दुखतं, कधी दुखतं आणि कधीपासून दुखतं, एवढं बघून घ्या. निम्मा इलाज तिथेच ठरतो.

आधी थोडी रचना. एका पावलात २६ हाडं असतात. टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत आतल्या बाजूने त्यांची कमान झालेली असते. हाडांचा आकार, त्यांना एकमेकांशी बांधणारे अस्थिबंध आणि तळव्याखालचा जाड, चिवट पडदा यांच्यावर ती उभी असते. पण चालताना, जिना चढताना तिला उचलून धरायचं मोठं काम पोटरीतल्या एका खोल स्नायूकडे असतं. त्याची कंडरा घोट्याच्या आतल्या हाडामागून वळून तळव्यात शिरते. डॉक्टर या स्नायूला टिबिअलिस पोस्टेरिअर म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, जागा लक्षात ठेवा: घोट्याचा आतला उंचवटा, त्याच्या मागे आणि खाली.

लहान बाळाच्या पावलात ही कमान दिसतच नाही. तळव्याखाली चरबीची गादी असते आणि सांधे सैल असतात. साधारण दहाव्या वर्षापर्यंत कमान हळूहळू उभी राहते. काहींची राहतच नाही. अनेकदा घराण्यातच तसे पाय असतात, आणि त्याच पायांनी ती माणसं शेतात राबतात, गड चढतात, आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॅरिस आणि बीथ या डॉक्टरांनी कॅनडाच्या सैन्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक जवानांचे पाय तपासले. त्यांचा अहवाल १९४७ साली आला. लवचिक सपाट पाऊल हा पावलाचा एक नैसर्गिक प्रकार आहे, असं त्यांचं मत पडलं. त्रास व्हायचा तो पाऊल ताठर असलेल्यांना किंवा सपाट पावलाच्या जोडीला टाचेमागची कंडरा आखूड असलेल्यांना. पोटरी आखडलेली असण्याचा हा मुद्दा पुढे व्यायामाच्या वेळी कामाला येणार आहे.

घरी काय तपासाल?

ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवून ठसा बघायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. मधला भाग पूर्ण उमटला की पाऊल सपाट. करून बघायला हरकत नाही, पण त्यातून फक्त आकार कळतो.

त्याहून कामाची तपासणी अशी. घरातल्या कुणाला तरी मागे जमिनीवर बसवा. ओट्याला हात टेकवून दोन्ही चवड्यांवर उभे राहा. टाचा वर गेल्या की तळव्याची कमान उभी राहते का आणि टाचा किंचित आतल्या बाजूला वळतात का, हे मागच्याने बघायचं. दोन्ही होत असेल तर पाऊल लवचिक आहे, आणि अशा पावलाचं दुखणं बहुतेक वेळा घरगुती उपायांनी आटोक्यात येतं. चवड्यांवर उभं राहूनही तळवा सपाटच राहिला, टाच बाहेरच कललेली राहिली, तर पाऊल ताठर आहे. ते डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

लष्करात अधिकारी व्हायला निघालेल्या मुलांच्या वैद्यकीय निकषातही हीच गोष्ट बघतात. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल, चवड्यांवर नीट धावता-उड्या मारता येत असतील आणि पाऊल लवचिक, न दुखणारं असेल, तर केवळ उभं राहताना सपाट दिसतं म्हणून उमेदवार बाद होत नाही. ‘फ्लॅट फूट घालवून देतो’ म्हणणाऱ्यांकडे भरतीच्या आधी हजारो रुपये मोजणाऱ्या मुलांनी हे आधी वाचायला हवं.

आता हीच तपासणी एकेका पायावर करा. बऱ्या पायावर पाच-दहा वेळा टाच सहज उचलता येते. दुखऱ्या पायाची टाच एकदाही धड उचलत नसेल, किंवा उचलताना घोट्याच्या आतल्या बाजूला कळ येत असेल, तर ती कंडरा दुखावली आहे असं समजा. मागे बसलेल्याला आणखी एक बघायला सांगा. तुम्ही सरळ उभे असताना बऱ्या पायाची मागून बाहेरच्या अंगाला करंगळी आणि फार तर शेजारच्या बोटाचा थोडा भाग दिसतो. दुखऱ्या पायाची दोन-तीन बोटं दिसत असतील, तर पाऊल बाहेर वळून कमान खचते आहे.

एक पुरावा चपलांच्या मांडणीवरही असतो. वर्षभर वापरलेली चप्पल किंवा बूट टेबलावर ठेवून मागून बघा. चालताना टाच आधी टेकते ती बाहेरच्या मागच्या कोपऱ्यावर, त्यामुळे तिथे थोडी झीज सगळ्यांचीच होते. तुमच्या बुटाची टाच आतल्या बाजूने झिजली असेल, वरचा भाग आत कलला असेल, आणि तेही एकाच पायाचं असेल, तर ती जोडी फेकू नका. डॉक्टरांकडे जाताना पिशवीत घालून न्या.

दुखतं कुठे?

दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी दोन्ही तळवे आणि पोटऱ्या भरून येणं, रात्री झोपलं की बरं वाटणं, हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. शिक्षक, हवालदार, कंडक्टर, साडीच्या दुकानातल्या मुली यांना तो चांगला माहीत असतो. इथे स्नायू थकतात, मोडलेलं काही नसतं. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखं होत असेल आणि चार पावलांनंतर कमी होत असेल, तर दुखणं तळव्याखालच्या पडद्याचं आहे. ते सपाट पाऊल असलेल्यांना होतं तसंच उंच कमानवाल्यांनाही होतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या तळव्याच्या आतल्या कडेला हाडाचा गोळा आला असेल आणि बूट घातला की तिथेच दुखत असेल, तर ते बहुधा जन्मतःच असलेलं एक जादा हाड असतं.

गंभीरपणे घ्यायचं ते घोट्याच्या आतल्या, वर सांगितलेल्या जागेचं दुखणं. ते बहुतेकदा चाळिशी उलटलेल्या बायकांत, एका पायाला, हळूहळू सुरू होतं. जास्त वजन, मधुमेह आणि रक्तदाब असेल तर धोका वाढतो. आधी नुसती सूज आणि ठणका. मग कंडरा ताणत जाते आणि तोवर ठीक असलेली कमान खचू लागते. या टप्प्यात गंमत अशी होते की कधी कधी आतलं दुखणं कमी होतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं, कारण कललेली टाच आता तिकडच्या हाडावर आपटत असते. बाईला वाटतं, जुनं दुखणं गेलं, हे नवीन काहीतरी आहे. प्रत्यक्षात जुनंच पुढे सरकलेलं असतं.

पायात काय घालाल?

आपल्याकडे घरात अनवाणी वावरतात आणि घरं आता ग्रॅनाइट-व्हिट्रिफाइड टाइल्सची झाली आहेत. शेणाने सारवलेली जमीन किंवा मऊ माती पायाला जेवढं सामावून घ्यायची, तेवढं ही फरशी घेत नाही. पाय दुखत असेल तोवर घरातही पट्ट्याची, टाचेशी खोलगट तळ असलेली सँडल वापरा. देवघरापुरती काढा, स्वयंपाकघरात घाला. सासूबाई काय म्हणतील हा प्रश्न खरा आहे, त्यासाठी घरची वेगळी जोडी ठेवा. कोल्हापुरी चप्पल दिसायला कितीही देखणी असली, तरी तिचा तळ सरळसोट असतो आणि टाचेला पकड नसते. तिला लग्नकार्यापुरती बाहेर काढा.

बूट घेताना तीन गोष्टी हाताने तपासा. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबला तर चेपता कामा नये. बूट पुढून वाकवला तर बोटांपाशी दुमडावा, मधोमध दुमडला तर तो नको. आणि पिळून बघितला तर चिंधीसारखा पिळला जाऊ नये. एक-दोन सेंटिमीटर टाच असेल तर चांगलीच, आखडलेल्या पोटरीला तेवढी उसंत मिळते. खरेदी संध्याकाळी करा, कारण तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात.

इनसोलबाबत माझं मत स्पष्ट आहे. मोजमाप घेऊन बनवलेल्या महागड्या इनसोलपासून सुरुवात करू नका. बहुतेकांचं काम कमानीला आधार असलेल्या तयार इनसोलवर भागतं. मात्र तो नुसता मऊ फोमचा नको. कमानीच्या जागी बोटाने दाबा. सहज तळ गाठला तर तुमच्या वजनाखाली तो पहिल्याच दिवशी झोपणार. नवा इनसोल पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण वेळ, असा सवयीचा करा. ताठर पावलाखाली उंच कमानीचा इनसोल ढकलला तर दुखणं वाढतं, तिथे स्वतःचं डोकं चालवू नका. आणि इनसोलने कमान तयार होत नाही. तो बुटात आहे तोवर आधार, काढला की पाऊल होतं तसं.

व्यायाम, पण नीट

पहिला व्यायाम पोटरी ताणण्याचा. तो सगळ्यांना माहीत असतो आणि सपाट पाऊल असलेले बहुतेक जण चुकीचाच करतात. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहून दुखरा पाय मागे घ्यायचा, त्याचा गुडघा सरळ, टाच टेकलेली, आणि पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुकायचं. इथे फसगत होते. पोटरी आखूड असल्यामुळे टाच टेकून ठेवण्यासाठी पाऊल आतल्या बाजूला कोसळतं. पोटरी ताणली जातच नाही, सगळा ताण तळव्याच्या मधल्या सांध्यांवर येतो. मग ‘व्यायामाने जास्तच दुखायला लागलं’ म्हणून माणूस सोडून देतो. उपाय सोपा आहे. मागच्या पायाची बोटं सरळ भिंतीकडे, किंबहुना किंचित आत वळवलेली ठेवा आणि तळव्याच्या आतल्या कडेखाली पंच्याची घडी सरकवा. आता झुकलात की ओढ पोटरीतच जाणवेल. तीस सेकंद धरा, तीनदा करा. मग मागचा गुडघा थोडा वाकवून तेच पुन्हा, म्हणजे पोटरीचा खालचा स्नायूही ताणला जातो. सकाळ-संध्याकाळ.

दुसरा तळव्याच्या लहान स्नायूंचा. खुर्चीत बसा, पाऊल जमिनीवर सपाट. बोटं न आवळता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढायचा प्रयत्न करा. पाऊल जरासं आखूड होतं, मधला भाग थोडा उचलला जातो. बोटं वाकडी झाली तर चुकलं. सुरुवातीला काही हलल्यासारखंच वाटत नाही. आठवड्याभराने जमतं. पाच सेकंद धरून दहा वेळा, जमू लागलं की उभ्याने.

तिसरा चवड्यांवर उठण्याचा. दोन्ही टाचांमध्ये टेनिसचा चेंडू धरा, ओट्याचा आधार घ्या, चेंडू न सोडता हळू वर जा आणि त्याहून हळू खाली या. चेंडू दाबून धरताना ती आतली कंडरा कामाला लागते. दहा-दहाचे दोन फेरे पुरेत. मधल्या काळात एका पायावर येण्याची घाई करू नका. किती दुखलं तर थांबायचं, याचा ठोकताळा असा: करताना थोडं जाणवलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर संख्या निम्मी करा. घोटा सुजलेला आणि गरम असेल तर हा तिसरा व्यायाम सूज उतरेपर्यंत नकोच.

फळ दिसायला तीन-चार महिने लागतात. कंडरा दुखावलेल्या ४७ रुग्णांना आधाराचं साधन आणि ठरवून दिलेला व्यायाम, एवढ्यावर ठेवून केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातले ३९ जण साधारण चार महिन्यांत चांगले सुधारले, पाच जणांवर शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे वेळेवर सुरुवात केली तर बहुतेकांची सुरी टळते.

वजन कमी करा असं डॉक्टर सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण दुखऱ्या पायांनी डांबरी रस्त्यावर दहा हजार पावलं चालून ते कमी करायला जाऊ नका. दोन-तीन महिने सायकल किंवा पोहणं बघा. ओट्याशी उभं राहताना पायाखाली जाड रबरी मॅट टाका आणि आळीपाळीने एकेक पाय पाटावर ठेवा.

संध्याकाळी घोटा सुजत असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं. नुसता शीण असेल तर कोमट पाण्यात पाय. काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासून घेतले तर झोप छान लागते. जरूर घ्या, कमान त्याने वर येत नाही एवढंच. वेदनाशामक गोळ्या चार-आठ दिवसांपलीकडे स्वतःच्या मनाने नकोत, रक्तदाबाची औषधं चालू असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय एकही नको. आणि घोट्याच्या आतल्या त्या कंडरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्याने ठणका थांबतो, पण आधीच कमजोर झालेली कंडरा तुटायची भीती असते.

मुलांचे पाय

आई-बाबांची काळजी समजते, पण न दुखणाऱ्या, लवचिक सपाट पावलाला लहानपणी इलाज लागत नाही. अमेरिकेत डॅलसच्या डॉक्टरांनी १ ते ६ वयाच्या १२९ मुलांवर खास बूट आणि इनसोल वापरून बघितले. काही मुलांना काहीच दिलं नव्हतं. तीन वर्षांनी, १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, दोन्ही गटांत फरक नव्हता. सगळ्यांच्याच कमानी वयानुसार सुधारल्या होत्या. त्यानंतर तीन वर्षांनी मणिपालच्या डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २,३०० मुलांचे ठसे तपासले. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पाऊल ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के आढळलं. बंद बूट घालणाऱ्यांत ते सगळ्यात जास्त होतं. तेव्हा अंगणात, वाळूत, मैदानात काचा-खिळे नसतील तिथे पोराला अनवाणी खेळू द्या. मात्र पाऊल दुखतंय, मूल खेळताना मागे राहतंय, घोटा वारंवार मुरगळतोय किंवा पाऊल ताठर आहे, असं असेल तर दाखवा. वाढीच्या वयात पावलातली दोन हाडं एकमेकांशी जुळलेली असल्याचं कधी कधी तेव्हाच उघड होतं, आणि त्यावर वेळेवर चांगला इलाज असतो.

मधुमेह असेल तर

मधुमेहींसाठी वरचे शेक-बर्फाचे नियम लागू नाहीत. बधिर तळव्याला गरम पाणी किती गरम आहे हे कळत नाही आणि फोड येऊन पुढे जखम चिघळते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मधुमेहीचं एक पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेलं झालं, आणि त्या मानाने फारसं दुखत नसेल, तर ‘दुखत नाही ना’ म्हणून थांबू नका. अशा वेळी पावलाची हाडं आतल्या आत मोडून काही आठवड्यांत कमान कोसळू शकते. त्या पायावर भार देणं बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता पुन्हा घोट्याच्या आतल्या त्या कंडरेकडे. तिथे शस्त्रक्रिया शेवटी येते, आणि ती मोठी असते. पाऊल अजून लवचिक असेल तर टाचेचं हाड कापून आत सरकवतात आणि शेजारची एक कंडरा निकामी झालेल्या कंडरेच्या जागी जोडतात. ताठर झालं असेल आणि सांधे झिजले असतील तर ते सांधे कायमचे जोडून टाकावे लागतात. दुखणं थांबतं, पण पावलाची हालचाल कमी होते. नीट चालायला काही महिने जातात.

तीन-चार महिने चांगली पादत्राणं आणि नियमित व्यायाम करूनही फरक नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. शक्यतो पावलाच्या आजारांचं काम जास्त करणारे गाठा, आणि एक्स-रे उभ्याने, पायावर भार देऊन काढा, कारण झोपून काढलेल्या फोटोत खचलेली कमान लपते. पण एकाच पायाचा घोटा आतून सुजलेला असेल आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर तीन महिने थांबायचं नाही. याच आठवड्यात वेळ घ्या.